‘नेहमीच्या पद्धतीने’ म्हणजे कोणत्या? रसायनशास्त्रज्ञांना एक खुले पत्र

प्रति,
रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या आणि त्याविषयी लिहिणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही लिहिता ते कोणीतरी वाचते आणि वाचून तसे करूनही पाहते, याची जाणीव तुमच्या लेखनात दिवसेंदिवस कमी होत चालली आहे.

तुमचा शोधनिबंध छापण्याआधी दोन-तीन परीक्षक तो वाचतात. त्यांना काय खटकेल, ते कुठे बोट ठेवतील, याचा विचार करून तुम्ही एकेक वाक्य घासूनपुसून घेता. त्यात गैर काही नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण परीक्षकांचे काम काही आठवड्यांत संपते. त्यानंतर पुढची वीस-तीस वर्षे निबंध ज्यांच्या हाती पडतो ते लोक वेगळेच असतात. पीएचडीच्या पहिल्या वर्षातली विद्यार्थिनी, मिलिग्रॅमची कृती शंभर ग्रॅमवर नेऊ पाहणारा कंपनीतला केमिस्ट, वर्गात शिकवणारे मास्तर, पाण्याच्या तपासणीचा अहवाल हाती आलेला एखादा पत्रकार. त्यांच्यासाठी तुम्ही काय लिहून ठेवता?

मी त्यांच्यापैकीच एक. काही वर्षे प्रयोगशाळेत होते. इतरांनी छापलेल्या कृती वाचून त्याप्रमाणे पदार्थ बनवून देणे हे माझे काम. आता रसायनशास्त्रावरचे लेखन तपासून देते. म्हणजे आधी तुमची वाक्ये माझे दिवस खायची, आता मी तुमची वाक्ये खाते. हिशेब अजून फिटलेला नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवात ‘प्रायोगिक’ भागापासूनच करते. खरे रसायनशास्त्र तिथे असते आणि लिहिताना सर्वांत कमी जीव तिथेच ओतला जातो. ‘मिश्रण रात्रभर ढवळण्यात आले.’ रात्र किती तासांची? संध्याकाळी सहाला लावून दुसऱ्या दिवशी अकराला उगवणाऱ्याची रात्र सतरा तासांची, आठला लावून सातला हजर होणाऱ्याची अकरा. बरे, ती अभिक्रिया तीन तासांत पुरी होऊन पुढे नुसती फिरत राहिली, की तिला रात्र लागतेच? तीन तासांत पुरी होत असेल तर उरलेल्या वेळात तयार झालेला पदार्थ हळूहळू बिघडतही असेल. ‘खोलीच्या तापमानाला’ हा दुसरा नमुना. कुणाची खोली? १५ अंशांची की ३५? तापमान दहा अंशांनी वाढले की बऱ्याच अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवले. मग या दोन खोल्यांत चौपटीचा फरक पडला की नाही? तिथे ‘२२ अंश’ लिहायला अशी किती शाई लागते?

‘थेंबथेंब घातले’ म्हणजे पाच मिनिटांत की तासाभरात? ‘गाळून घेतले’ म्हणजे वर राहिलेले ठेवायचे की खाली उतरलेले? हा प्रश्न तुम्हाला हास्यास्पद वाटेल. पण ज्याने तो पदार्थ कधी पाहिलेला नाही, त्याला तो घन असतो की द्रावणात राहतो हे कुठून कळणार? आणि या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे ‘नेहमीच्या पद्धतीने वर्क-अप केले’, म्हणजे अभिक्रिया संपल्यावर मिश्रणातून पदार्थ वेगळा काढला. नेहमीची पद्धत नावाची गोष्ट प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळी असते, आणि प्रत्येकीला वाटते की जगभर आपलीच चालते.

एक कृती माझ्या चांगली लक्षात आहे. कुणाची, ते सांगत नाही. अल्कोहोलचे द्रावण घ्यायचे, त्यात पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट हे ऑक्सिडीकारक घालायचे, दोन तास ढवळायचे, सेलाइट नावाच्या बारीक भुकटीच्या थरातून गाळायचे. चार ओळींत आटोपलेले. प्रत्यक्षात पाऊण तासात फ्लास्कच्या तळाशी काळपट तपकिरी, डांबरासारखा चिकटा जमला. ढवळणारी चुंबकीय कांडी त्यात रुतून बसली आणि नुसतीच थरथरू लागली. वरचे द्रावण ओतून काढावे तर अर्धा पदार्थ त्या चिकट्यात अडकलेला. तो खरवडायचा, ईथरने धुवायचा, पुन्हा खरवडायचा. पुढे त्या गटातल्या एकाशी बोलणे झाले तेव्हा कळले की सेलाइट ते गाळताना वापरत, तसे सुरुवातीलाच फ्लास्कमध्येही टाकत. चिकटा त्याच्या कणांवर बसतो, कांडी मोकळी फिरते. मग लिहिले का नाही? तर म्हणे, ‘ते सगळ्यांना माहीत असतं.’

माझे सारे गाऱ्हाणे या एका वाक्यात आहे. सगळ्यांना म्हणजे तुमच्या शेजारच्या टेबलावर उभे असणाऱ्या चौघांना.

असे लिहिणे जमत नाही, अशातला भाग नाही. १९२१ पासून ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’ हे प्रकाशन निघते. त्याचा नियम असा की आलेली प्रत्येक कृती छापण्याआधी संपादक मंडळातल्या कोणाच्या तरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून पाहायची. जमली तरच छापायची. त्यामुळे तिथले लेखन कसे होते, पाहा. किती मापाचा, किती तोंडांचा फ्लास्क, ढवळणी कुठली, घालायला किती मिनिटे, त्या वेळी आतले तापमान कुठवर चढू द्यायचे, रंग कधी पालटतो, खाली टिपांमध्ये कोणता द्रावक कसा कोरडा केला आणि कुठे हात आखडता घ्यायचा. वाचताना वाटते, कोणीतरी शेजारी उभे राहून सांगते आहे. कारण उघड आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक असते की हे एक परका माणूस, मला न विचारता, करून बघणार आहे आणि त्याचे फसले तर माझे लेखन परत येणार आहे. वाचकाची एवढी धास्ती असली की भाषा आपोआप सुधारते.

आता कोणी म्हणेल, एवढे बारीकसारीक कशाला? तर बारीकसारीक गोष्टीच पुढे मोठ्या निघतात, म्हणून. क्रोमियम क्लोराइड वापरून कार्बन-कार्बन बंध जोडण्याची एक अभिक्रिया आहे, आज ती नोझाकी-हियामा-किशी या नावाने ओळखली जाते. सुरुवातीच्या काळात ती लहरी म्हणून प्रसिद्ध होती. एका बाटलीतल्या क्रोमियम क्लोराइडने सुरेख चालायची, दुसऱ्या बाटलीतल्याने हलायचीच नाही. १९८६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे उलगडा केला. चालणाऱ्या बाटल्यांत निकेलची अशुद्धी होती आणि खरे काम ते निकेल करत होते. आता त्यात निकेल मुद्दाम, मोजून घालतात. हा शोध लागला तो ‘कुठल्या बाटलीने चालले’ याची नोंद कोणीतरी ठेवली म्हणून. ‘क्रोमियम क्लोराइड (विकत आणलेले)’ एवढेच लिहून सगळे थांबले असते, तर अभिक्रिया लहरीच राहिली असती.

याच्या उलटा किस्सा सुझुकी अभिक्रियेचा. तीही कार्बन-कार्बन बंध जोडते. तिला पॅलेडियम हा धातू लागतो आणि तो महाग. २००३ मध्ये एका गटाने पॅलेडियमशिवायच ती करून दाखवल्याचे छापले. बरीच चर्चा झाली. २००५ मध्ये त्याच गटाने पुन्हा निबंध लिहिला: आम्ही वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात पन्नास भाग इतके पॅलेडियम होते आणि तेवढे पुरेसे ठरले असावे. मला हा दुसरा निबंध पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. स्वतःच्याच शीर्षकाखालचा पाट काढून घ्यायला हिंमत लागते, आणि वाचकाला त्यातून मिळाले ते पुढच्या प्रत्येक ‘धातूविरहित’ दाव्याकडे बघण्याची नजर.

उत्पादनाच्या टक्केवारीबद्दल, म्हणजे मिळायला हवा त्यातला किती पदार्थ हाती आला याबद्दल, फार बोलत नाही, कारण मनातल्या मनात तुम्हीही हसत असता. वीस मिलिग्रॅमच्या हिशेबावर ९८ टक्के म्हणजे सगळ्या गाळण्या, धुण्या, कॉलम आणि फ्लास्क बदलून झाल्यावर वाया गेले ते ०.४ मिलिग्रॅम. तेवढे तर काचेला चिकटून राहते. ‘७० ते ८५ टक्के, चार वेळा करून’ असे कोणी लिहिले की मी खुर्चीत सावरून बसते. हा माणूस खरे बोलतो आहे.

धोक्याविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे. सोडियम हायड्राइड डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात घालून वापरणे ही अगदी रोजची गोष्ट. छोट्या प्रमाणावर बहुधा काही होत नाही. पण हे दोघे एकमेकांशीही अभिक्रिया करतात, उष्णता साठते, वायू सुटतो आणि मोठ्या प्रमाणावर मिश्रण हाताबाहेर जाऊन स्फोट होऊ शकतो. हा इशारा १९८२ मध्येच ‘केमिकल अँड इंजिनीअरिंग न्यूज’ या साप्ताहिकात छापून आलेला आहे. कोणत्या स्वरूपात? तर संपादकांना लिहिलेल्या पत्रांच्या स्वरूपात. ज्यांच्या कारखान्यात घडले त्यांनी लिहून कळवले. शोधनिबंध मात्र आजही तीच जोडी दोन शब्दांत सांगून पुढे जातात. सोडियम अझाइड वापरलेल्या मिश्रणाचे डायक्लोरोमिथेन या द्रावकाने वर्क-अप करणे हा तसाच प्रकार. त्यातून डायअझिडोमिथेन हा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. ‘नेहमीच्या पद्धतीने’ या शब्दांत कधीकधी हे दडलेले असते.

२०१७ पासून अमेरिकन केमिकल सोसायटीच्या शोधपत्रिका लेखकांना मोठा किंवा अनपेक्षित धोका असल्यास तो नमूद करायला सांगतात, हे चांगलेच झाले. फक्त तो इशारा ज्या ओळीत धोका आहे त्या ओळीशेजारी लिहा. निबंधाला जोडलेल्या पुरवणीच्या तिसऱ्या पानावरचे ‘सावधगिरी बाळगावी’ कोणी वाचत नाही. आणि दुसरे टोकही नको. बाटलीबरोबर येणारी सुरक्षा माहितीपत्रके पाहा. सोळा ठरलेले विभाग, आणि साध्या मिठाच्या पत्रकातही डोळे धुण्याच्या आणि श्वासाला त्रास झाल्यास मोकळ्या हवेत नेण्याच्या सूचना. मीठ आणि हवेत येताच पेट घेणारे टर्शरी ब्युटिललिथियम यांना एकाच सुरात घाबरायला शिकवले, की माणूस कशालाच घाबरत नाही.

आता भाषेबद्दल. ‘द्रावण तयार करण्यात आले, त्यात आम्ल मिसळण्यात येऊन ते तापवण्यात आले, स्फटिक मिळवण्यात आले.’ कोणी केले? भुताने? या ‘करण्यात आले’मुळे लेखन वस्तुनिष्ठ होते अशी आपली एक समजूत आहे. होत काही नाही, फक्त पाहणारा माणूस नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर त्याने पाहिलेलेही. जुन्या निबंधांत पदार्थाचा रंग, वास, अगदी चवसुद्धा असायची. चव घेणे बंद झाले ते बरेच झाले, पण रंग का गेला? अभिक्रिया बरोबर वाटेवर आहे की नाही हे वाचकाला सर्वांत आधी सांगतो तो रंग.

तुमची जमात मुळात रुक्ष नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने १८२८ मध्ये युरिया बनवला, तेव्हा आपला गुरू बर्झेलियसला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आता माझे रासायनिक पाणी आवरत नाही, सांगूनच टाकतो, मला मूत्रपिंडाशिवाय युरिया बनवता येतो, मग ते मूत्रपिंड माणसाचे असो की कुत्र्याचे! याच व्होलरने १८४० मध्ये द्युमा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या एका सिद्धांताची टर उडवण्यासाठी एस. सी. एच. विंडलर या बनावट नावाने एक निबंधवजा पत्र लिहिले. एका संयुगातला प्रत्येक अणू काढून त्या जागी क्लोरीन बसवले तरी संयुग जसेच्या तसे राहिले, असा त्यात दावा. शिवाय तळटीप, की लंडनच्या दुकानांत क्लोरीनच्या धाग्याचे कापड मिळू लागले आहे आणि रात्रीच्या टोप्यांसाठी त्याला मोठी मागणी आहे. आद्याक्षरांसकट नाव वाचले तर जर्मनमध्ये ‘श्विंडलर’, म्हणजे ‘भामटा’, असे ऐकू येते. आणि हे छापले कुठे, तर लीबिगच्या प्रतिष्ठित शोधपत्रिकेत. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वुडवर्डने १९६३ मध्ये स्ट्रिकनीन या जहाल विषाच्या संश्लेषणाचा सविस्तर निबंध लिहिला, त्याची सुरुवातच ‘स्ट्रिकनीन!’ अशी उद्गारचिन्हासकट आहे. १८८९ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये बाउमान आणि फ्रॉम यांच्या प्रयोगशाळेत थायोअॅसिटोन हे गंधकाचे संयुग बनवण्याच्या खटपटीतून असा वास सुटला की गावात लोकांना भोवळ आली, ओकाऱ्या झाल्या, पळापळ झाली. आणि हे त्यांनी आपल्या निबंधात लिहून ठेवले. आज एखाद्या निबंधात ‘उग्र वास’ एवढेच असते. किती उग्र, ते कळायला फ्लास्क उघडावा लागतो.

तुमच्यात एक समज रुजलेला आहे. शोधनिबंध म्हणजे खरे काम, आणि नवशिक्यांसाठी लिहिणे म्हणजे निवृत्तीनंतरचा उद्योग. तुमच्याच शास्त्राचा इतिहास याच्या अगदी विरुद्ध साक्ष देतो.

१८६० चा सप्टेंबर. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले होते. कारण अणुभार कोणते धरायचे यावर एकमत नव्हते आणि प्रत्येक जण आपापली सूत्रे लिहीत होता. गोंधळ किती? पुढच्याच वर्षी केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अॅसेटिक आम्लाची वेगवेगळ्या लोकांनी वापरलेली १९ सूत्रे एकाखाली एक छापून दाखवली. तीन दिवस भाषणे, ठराव, वादविवाद झाले आणि परिषद काही न ठरता संपली. जाता जाता प्रतिनिधींच्या हाती एक पुस्तिका पडली, इटलीच्या कान्निझारोची. दोन वर्षांपूर्वी लिहिलेली. ती शोधनिबंध नव्हतीच. जिनोव्हाच्या विद्यापीठात मी माझ्या विद्यार्थ्यांना अणुभार कसे शिकवतो, व्याख्यानामागून व्याख्यान कोणत्या क्रमाने घेतो, हे त्याने एका सहकाऱ्याला पत्राने कळवले होते, ते हे पत्र. परिषदेला आलेल्या लोथार मायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती पुस्तिका खिशात घातली, परतीच्या वाटेवर आणि मग घरी पुन्हा पुन्हा वाचली, आणि डोळ्यांवरची झापडे गळून पडल्यासारखे झाले असे पुढे लिहून ठेवले. तीन दिवसांच्या वादात जे झाले नाही ते वर्गातल्या पोरांना समजावे म्हणून केलेल्या मांडणीने झाले.

त्या परिषदेत मेंडेलेयेव्हही होता. पुढे पीटर्सबर्गला शिकवू लागल्यावर मुलांच्या हाती देण्याजोगे पुस्तक सापडेना, म्हणून तो स्वतः लिहायला बसला. पहिला खंड संपत आला तेव्हा त्याच्या लक्षात आले की माहीत असलेल्या ६३ मूलद्रव्यांपैकी आपली आठच सांगून झाली आहेत. उरलेली पंचावन्न एका खंडात कोंबायची तर काहीतरी क्रम हवा. तो क्रम शोधता शोधता १८६९ मध्ये आवर्तसारणी हाती आली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेचे तेच. १७८७ मध्ये त्याने तिघा सहकाऱ्यांबरोबर पदार्थांना नवी नावे देण्याची पद्धत मांडली. त्याआधी अँटिमनीचे लोणी, जस्ताची फुले, गंधकाचे यकृत अशी नावे चालत. पाठोपाठ १७८९ चा त्याचा प्राथमिक ग्रंथ आला. प्रस्तावनेत तो सांगतो की मी निघालो होतो भाषा सुधारायला, पण शास्त्र सुधारल्याशिवाय भाषा सुधारता येईना, आणि होता होता हे पुस्तक झाले. याचा अर्थ नवशिक्यांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला आवर्तसारणी सापडते असा नाही, हे मलाही कळते. पण कुठे आपले आपल्यालाच नीट समजलेले नाही, ते तिथे लिहिताना जेवढे उघडे पडते तेवढे परीक्षकांसमोर पडत नाही. परीक्षक तुमच्याइतकाच सरावलेला असतो. तो मोकळ्या जागा स्वतःहून भरतो.

चित्रांबद्दल थोडक्यात. १८६५ मध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात क्रोके या खेळाचे रंगवलेले चेंडू सळ्यांनी जोडून रेणू दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. ते रंग आजही तसेच आहेत. श्रोत्यांसाठी केलेली सोय दीडशे वर्षे टिकली. आणि आज निबंधाच्या पहिल्या पानावरच्या चौकोनी चित्रात बाण, ढग, सूर्य, चमकणारे पान आणि मधोमध अंगठ्याच्या नखाएवढी रेणूरचना! कशापासून काय झाले, एवढे दाखवा. उरलेली जागा मोकळी सोडली तरी चालेल.

तुमच्यापैकी काही जण सर्वसाधारण लोकांसाठीही लिहितात. त्यांच्याशी माझे भांडण निराळे आहे. ‘यात केमिकल नाहीत ना?’ असे कोणी विचारले की तुमचे उत्तर तयार असते: ‘पाणीसुद्धा केमिकलच आहे.’ उत्तर बरोबर आहे आणि अगदी निरुपयोगी आहे. विचारणाऱ्याला व्याख्या नको होती. आपल्या पोटात किंवा अंगावर जाणारी कोणती गोष्ट आपल्याला न सांगता मिसळली आहे, आणि ती बाधेल का, हे त्याला हवे होते. याच तऱ्हेची दुसरी करमणूक म्हणजे ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या एका मुलाने पाण्याचे हे भीतिदायक वर्णन सहाध्यायांना वाचायला दिले आणि ५० पैकी ४३ जणांनी बंदीच्या बाजूने मत दिले. त्याचा हेतू माणसे किती चटकन विश्वास ठेवतात हे दाखवण्याचा होता, आणि तो त्याने छान साधला. पण तुम्ही मोठी माणसे अजून तोच विनोद सांगून वाचकाला खिजवता, तेव्हा त्याला कळते एवढेच की हा माणूस मला मूर्ख समजतो. पुढचे तो वाचत नाही.

आणि लोक तुमच्या वाईटावर आहेत, हे तरी कोणी सांगितले? २०१५ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने लोकांचे मत तपासले. लोकांना आपल्याविषयी अढी आहे असे रसायनशास्त्रज्ञांना वाटत होते. प्रत्यक्षात लोक बहुतांशी तटस्थ निघाले. त्यांच्या मनात राग नव्हता, रसायनशास्त्राचा विचारच फारसा नव्हता. तटस्थ माणसाशी बोलताना आधीच बाह्या सरसावून उभे राहिले की तो दचकणारच.

आकडा सांगताना तर विशेष जपायला हवे. १९९० मध्ये पेरिए या बाटलीबंद पाण्यात बेंझीन सापडले, अब्जात सुमारे १२ ते २० भाग. गंमत म्हणजे ते सापडले कसे? अमेरिकेतली एक प्रयोगशाळा हे पाणी शुद्ध म्हणून तुलनेसाठी वापरत होती आणि तुलनेचेच माप चुकू लागले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा अब्जात पाच भागांची. म्हणजे प्रमाण मर्यादेच्या वर, पण अन्न-औषध प्रशासनाच्या मते तातडीचा धोका नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते आणि शांतपणे समजावता येते. कंपनीने आधी सांगितले, सफाईतली चूक. मग सांगितले, झऱ्यातून येणाऱ्या वायूत बेंझीन असतेच, ते अडवणाऱ्या गाळण्या वेळेत बदलल्या नाहीत. जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. बेंझीन जितके होते तितकेच होते, लोकांचा विश्वास उडाला तो बदलत्या खुलाशांनी. तुम्ही ‘अत्यल्प प्रमाणात आढळले’ असे लिहिता तेव्हा वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. किती आढळले, मर्यादा किती, ती मर्यादा कशावरून ठरवली, आणि आयुष्यभर रोज प्यायले तर काय आणि एकदा प्यायले तर काय, हे चार वाक्यांत सांगता येते. लोकांना गणित झेपत नाही ही सबब पुरे झाली.

रोलंड आणि मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी हे करून दाखवले आहे. फवारण्यांत आणि शीतकपाटांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन वर जाऊन ओझोन नष्ट करतील, हा त्यांचा निबंध १९७४ च्या जूनमध्ये ‘नेचर’मध्ये आला. शीर्षकात ‘क्लोरोफ्लुरोमिथेन’, ‘उत्प्रेरित विनाश’ असले शब्द. फारसे कोणी दखल घेतली नाही. संशोधन चालू होते त्या दिवसांत रोलंडने घरी बायकोला मात्र वेगळ्या शब्दांत सांगितले होते: काम छान चाललेय, पण जगाचा शेवट होणार असे दिसतेय. सप्टेंबरमध्ये त्या दोघांनी पत्रकार परिषद घेतली, सरळ बोलले आणि चक्रे फिरली. उत्पादकांनी विरोध केला, काही सहकाऱ्यांनी नाके मुरडली. १९८७ मध्ये या संयुगांना आवर घालणारा माँट्रियल करार झाला, १९९५ मध्ये नोबेल मिळाले. निबंधात एक आणि घरी एक, अशा दोन भाषा रोलंडकडे होत्या. तुमच्याकडेही असतात. घरची भाषा थोडी अधिक वापरा.

शेवटचे मागणे अगदी लहान आहे. प्रत्येक निबंधावर एका लेखकाच्या नावापुढे तारांकन असते आणि खाली पत्ता, पत्रव्यवहारासाठी म्हणून. आम्ही त्या पत्त्यावर लिहितो. ‘तिसऱ्या पायरीत आमचा घन पदार्थ पांढरा नव्हे, पिवळा येतो, तुमच्याकडे कसा होता?’ एवढेच विचारलेले असते. बहुतेकदा उत्तर येत नाही. ज्या विद्यार्थ्याने ती पायरी केली तो सोडून गेला असेल, त्याची वही कुठल्या कपाटात आहे हे शोधावे लागेल, हे समजते. तरी ती वही काढा, त्या दिवसाचे पान उघडा आणि रंग कोणता लिहिलाय तेवढे कळवा. लिहिलेलाच नसेल, तर तसे कळवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची एक वाचक